मल्टिपल स्क्लेरोसिसमागे संसर्ग : ईबीव्हीवरचा आरोप कसा टिकला आणि बाकीचे का गळले

अनुस्वार

मल्टिपल स्क्लेरोसिसवरच्या, म्हणजे एमएसवरच्या, चर्चेत दोन वाक्यं हटकून येतात. एक, "एमएस विषाणूमुळे होतो हे सिद्ध झालं." दुसरं, "तो विषाणू तर ९५ टक्के प्रौढांच्या अंगात असतो, मग त्याला काय अर्थ?" दोन्ही अर्धवट आहेत. त्यातून रुग्णांची आणि घरच्यांची दिशाभूल होते, म्हणून या विषाणूविरुद्धचा, म्हणजे एपस्टीन-बार विषाणूविरुद्धचा (ईबीव्ही), पुरावा नेमका काय आहे ते एका जागी मांडतो. चुका दिसल्या तर जरूर दाखवा.

एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टनावर उलटते. शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं आणि त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी १८८४ मध्ये त्यामागे संसर्ग असावा असं मांडलं. म्हणजे कल्पना जुनी, अडचण होती पुराव्याची. आजार जडल्यावर रुग्णाच्या रक्तात एखाद्या विषाणूची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सापडली, तर विषाणू आधी की आजार आधी हे कळायला मार्ग नसतो. एमएसमध्ये हा घोळ जास्तच, कारण पहिलं लक्षण दिसण्याच्या काही वर्षं आधीपासून मेंदूत आतल्या आत नुकसान सुरू झालेलं असतं.

ही कोंडी जानेवारी २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या हार्वर्डच्या अभ्यासाने फोडली. ब्यॉर्नेविक आणि अॅशेरियो यांचा गट. अमेरिकेच्या सैन्यात भरती होताना आणि नंतर साधारण दर दोन वर्षांनी एचआयव्हीसाठी रक्त तपासतात, आणि उरलेलं सीरम (पेशी वगळून उरणारा रक्ताचा पातळ भाग) गोठवून ठेवतात. अशा ६ कोटींहून अधिक नमुन्यांचा साठा हाताशी होता. १९९३ ते २०१३ या काळात सेवेत असलेल्या १ कोटीहून अधिक लोकांपैकी ९५५ जणांना एमएस झाला. त्यातल्या ८०१ जणांचे आजारापूर्वीचे पुरेसे नमुने मिळाले. प्रत्येकाचे जास्तीत जास्त तीन घेतले : सर्वांत पहिला, आजार सुरू होण्याआधीचा शेवटचा, आणि मधला एक. तुलनेला वय, लिंग, वंश, सैन्यदल आणि रक्त घेतल्याची तारीख जुळवून १,५६६ निरोगी लोक निवडले.

पहिल्या नमुन्यात ८०१ पैकी ३५ जण एपस्टीन-बार विषाणूसाठी, म्हणजे ईबीव्हीसाठी, निगेटिव्ह होते. आजार सुरू होईपर्यंत त्यातले ३४ पॉझिटिव्ह झाले. तुलनेच्या गटात सुरुवातीला १०७ निगेटिव्ह होते, त्यातल्या फक्त ५७ टक्क्यांना तेवढ्या काळात संसर्ग झाला. संसर्गाच्या अंदाजे वेळेपासून एमएसच्या पहिल्या लक्षणापर्यंतचं मध्यक अंतर साडेसात वर्षं निघालं.

मला सगळ्यात भक्कम वाटतो तो न्युरोफिलामेंट लाइट चेनचा भाग. हे प्रथिन चेतातंतू तुटले की रक्तात उतरतं. सुरुवातीला ईबीव्ही-निगेटिव्ह असलेल्या आणि पुढे एमएस झालेल्या लोकांत ते संसर्गापूर्वी वाढलेलं नव्हतं, नंतर वाढलं. म्हणजे मेंदूतलं नुकसान आधी आणि विषाणू नंतर, हा उलटा क्रम इथे बसत नाही.


आकडेमोड

मांडणी उत्तम. एका आकड्याबद्दल सावध करतो, कारण तो सगळीकडे मिरवला जातो : "ईबीव्हीमुळे एमएसचा धोका ३२ पट."

तो ३२.४ हा हॅझर्ड रेशो, म्हणजे दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर, त्या ३५ आणि १०७ लोकांवर उभा आहे. एमएस होऊनही शेवटपर्यंत निगेटिव्ह राहिलेला माणूस एकच. त्यामुळे ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, ४.३ पासून २४५.३ पर्यंत पसरलाय. अशा वेळी मधला आकडा धरून बसू नये, खालची कड बघावी. खालच्या कडेलाही चौपट धोका उरतो, हे महत्त्वाचं. तंबाखूच्या धुरामुळे धोका साधारण दीडपट होतो. सर्वांत ठळक जनुकीय घटक, एचएलए-डीआरबी१*१५:०१, तो सुमारे तिप्पट करतो. त्या रांगेत चौपट ही किमान बाजू असणं मोठीच गोष्ट आहे.

त्या एका निगेटिव्ह माणसाचं काय? शेवटच्या नमुन्यानंतर संसर्ग झाला असेल, प्रतिपिंडं तयारच झाली नसतील, किंवा निदान चुकलं असेल. यातलं काय ते एका माणसावरून ठरत नाही.

आणि "९५ टक्के लोकांत असतो मग अर्थ काय" याला उत्तर पोलिओचं. पोलिओच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या सुमारे २०० पैकी एकालाच लकवा होतो, तरी त्या विषाणूशिवाय तो लकवा होत नाही. गरजेचं कारण आणि पुरेसं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.


निळीशाई

एक शंका. ज्यांची प्रतिकारयंत्रणा मुळातच बिघडलेली असते त्यांना सगळेच संसर्ग लवकर होत असतील, आणि ईबीव्ही त्यातला फक्त एक असेल, असं का नाही?


अनुस्वार

निळीशाई, हीच शंका अभ्यासकांनीही घेतली होती. त्यासाठी त्यांनी त्याच नमुन्यांत सायटोमेगॅलोव्हायरस तपासला. तोही नागीण-कुळातलाच, लाळेतूनही पसरणारा, जन्मभर अंगात राहणारा. त्याने धोका वाढला नाही, उलट किंचित कमी दिसला. शिवाय काही रुग्ण आणि निरोगी लोकांच्या सीरमवर व्हायरस्कॅन नावाची चाचणी केली, जी सुमारे २०० मानवी विषाणूंच्या तुकड्यांविरुद्धची प्रतिपिंडं एकाच वेळी शोधते. दोन गटांत ठळक फरक पडला तो ईबीव्हीचाच. यंत्रणा सरसकट दुबळी असती तर बाकीचेही वर आले असते.


सूक्ष्मदर्शी

शीर्षकातल्या "बाकीचे का गळले" या भागावर लिहितो. प्रयोगशाळेच्या बाजूने शिकण्यासारखं तिथेच जास्त आहे.

गोवरापासून सुरुवात करू. १९६२ मध्ये अॅडम्स आणि इमागावा यांना एमएसच्या रुग्णांत गोवराची प्रतिपिंडं जास्त आढळली. पुढची कित्येक वर्षं त्यामागे गेली. मग लक्षात आलं की एमएसमध्ये मेंदूभोवतीच्या पाण्यात, म्हणजे सीएसएफमध्ये, गोवर, रुबेला आणि कांजिण्या-नागीण या तिन्हींची प्रतिपिंडं एकदमच तयार होतात. याला (मीझल्स, रुबेला, झोस्टर यांच्या आद्याक्षरांवरून) एमआरझेड प्रतिक्रिया म्हणतात. मेंदूत ठाण मांडून बसलेल्या बी पेशी (प्रतिकारयंत्रणेतल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जुन्या आठवणीतलं सगळंच थोडंथोडं बनवत राहतात, त्यासाठी विषाणू तिथे हजर असावा लागत नाही.

ही प्रतिपिंडं मेंदूतच बनली की रक्तातून झिरपली हे ठरवायला अँटिबॉडी इंडेक्स काढतात. विशिष्ट विषाणूविरुद्धच्या आयजीजीचं (प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार) सीएसएफ आणि सीरममधलं गुणोत्तर घ्यायचं आणि त्याला एकूण आयजीजीच्या तशाच गुणोत्तराने भागायचं. उत्तर १.५ किंवा जास्त आलं तर ती मेंदूत बनली असं धरतात. दोन्ही नमुने एकाच वेळी घेतलेले आणि एकाच फेरीत मोजलेले हवेत, नाहीतर गुणोत्तर फसतं. गंमत नाही, काळजीची गोष्ट आहे : कितीतरी जुन्या कामांत फक्त सीएसएफमधला आकडा दिलाय, सोबतचं सीरम नाही. त्यावरून काहीच ठरत नाही.

गोवरामुळेच होणाऱ्या एसएसपीई या मेंदूच्या आजाराशी तुलना करा. तिथे सीएसएफमधले ऑलिगोक्लोनल पट्टे (चाचणीत पट्ट्यांसारखे दिसणारे प्रतिपिंडांचे गट) मुख्यतः गोवराच्या विषाणूवरच रोखलेले असतात. एमएसमध्ये पट्टे असतात, पण ते कुणा एकावर रोखलेले सापडत नाहीत.

दुसरं उदाहरण क्लॅमिडिया न्युमोनिए या जिवाणूचं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने एमएसच्या बहुतेक रुग्णांच्या सीएसएफमध्ये तो सापडल्याचं प्रसिद्ध केलं. रुग्णांनी दीर्घकाळ अँटिबायोटिक घ्यायला सुरुवात केली. इतरांना मात्र तो सापडेना. शेवटी सांकेतिक क्रमांक घातलेले तेच नमुने चार प्रयोगशाळांत वाटले, आणि २००२ मध्ये निकाल आला : मूळ गट सोडून बाकी तिघांना एकाही नमुन्यात तो मिळाला नाही.

असं का होतं? अशा शोधात अनेकदा नेस्टेड पीसीआर वापरतात. एका फेरीत वाढवलेला डीएनए काढून दुसऱ्या फेरीत पुन्हा वाढवायचा. पहिल्या फेरीनंतर नळी उघडली की तुषारांतून कोट्यवधी प्रती हवेत, पिपेटवर, हातमोज्यांवर जातात. त्यातली एक प्रत पुढच्या नळीत पडली तरी निकाल पॉझिटिव्ह. उपाय माहीत असलेलेच आहेत : मिश्रण बनवायची, नमुना घालायची आणि वाढलेला डीएनए हाताळायची खोली वेगळी, पिपेटला फिल्टरची टोकं, दर काही नमुन्यांमागे नुसतं पाणी घातलेली नळी, आणि कुठला नमुना कुणाचा हे तपासणाऱ्याला ठाऊक नसणं. शेवटची अट पाळली जात नाही तेव्हा सर्वांत जास्त नुकसान होतं. संशयास्पद नमुना रुग्णाचा असला की चाचणी पुन्हा लावली जाते, निरोगी माणसाचा असला की नाही.


मज्जातंतू

सूक्ष्मदर्शी, यात एचएचव्ही-६ ची (नागीण-कुळातलाच आणखी एक विषाणू) भर घालायला हवी, कारण तो पूर्ण गळलेला नाही. १९९५ मध्ये त्याचा डीएनए एमएसच्या मेंदूत सापडला, पण निरोगी मेंदूंतही सापडला. फरक होता तो मायलिन बनवणाऱ्या पेशींत विषाणूची प्रथिनं दिसण्याचा. पुढे २०१९ मध्ये स्वीडनच्या गटाने ८,७४२ रुग्णांवर एचएचव्ही-६ ए आणि बी वेगळे ओळखणारी चाचणी केली. ए प्रकाराच्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं रुग्णांत जास्त होती, ऑड्स रेशो (शक्यतांचं गुणोत्तर) १.५५. संबंध आहे, पण ईबीव्हीच्या तुलनेत बारीक. तो ईबीव्हीच्या जोडीने काम करतो का, हा प्रश्न उघडा आहे.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूच्या एप्सिलॉन विषावरही काम चालू आहे. ते रक्त आणि मेंदू यांच्यामधला रक्तवाहिन्यांचा अडसर सैल करतं आणि मायलिन बनवणाऱ्या पेशी मारतं. प्राण्यांत चित्र बरंच एमएससारखं दिसतं. माणसांत संसर्ग आधी, आजार नंतर असा क्रम दाखवणारा अभ्यास त्याच्याकडे नाही.


पारिजात_क

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांचा उल्लेख नेहमी येतो. ब्रिटिश सैनिकांबरोबर एमएस तिथे आला म्हणतात. त्याचं पुढे काय झालं?


मज्जातंतू

एप्रिल १९४० मध्ये ब्रिटिश सैन्य फेरो बेटांवर उतरलं. एमएसच्या प्रसाराचे अभ्यासक जॉन कुर्ट्झके यांचं म्हणणं असं की १९४३ पूर्वी तिथल्या मूळ रहिवाशांत एमएस नव्हता, नंतर तो लाटांनी आला, म्हणून सैनिकांनी काहीतरी संसर्गजन्य आणलं. आक्षेप असा की युद्धापूर्वी निदान करणारं कुणी तिथे पुरेसं नव्हतं, आणि रुग्णसंख्या इतकी छोटी की दोन-चार लोकांची सुरुवात इकडे-तिकडे झाली तरी लाट उगवते किंवा मावळते. माझ्या मते यातून कारण सिद्ध होत नाही.

स्थलांतराचे अभ्यास जास्त वजनदार आहेत. जास्त प्रमाणाच्या प्रदेशातून कमी प्रमाणाच्या प्रदेशात साधारण पंधराव्या वर्षाआधी गेलेल्यांचा धोका नव्या जागेसारखा होतो, नंतर गेलेले जुना धोका बरोबर नेतात, असं त्यातल्या अनेकांत दिसलं. किशोरवयात काहीतरी ठरतं याची ती खूण. ईबीव्ही याच्याशी जुळतो. बालपणी झाला तर बहुधा कळतही नाही. किशोरवयात किंवा नंतर झाला तर घसादुखी, मानेच्या गाठी, ताप आणि आठवडेच्या आठवडे थकवा, म्हणजे ग्रंथिज्वर, होऊ शकतो. ग्रंथिज्वर होऊन गेलेल्यांत एमएसचा धोका सुमारे दुप्पट असतो.


निळीशाई

पण मग हे 'अति स्वच्छतेमुळे' वालं गृहीतक झालं ना? लहानपणी कमी संसर्ग, म्हणून प्रतिकारयंत्रणा बिथरते.


आकडेमोड

तसं असतं तर ज्यांना प्रौढपणीही ईबीव्ही झालेला नाही, त्यांचा धोका सर्वांत जास्त असायला हवा होता. लहानपणी संसर्गापासून सर्वांत जपले गेलेले तेच. प्रत्यक्षात त्यांचा धोका जवळजवळ शून्य, आणि त्यांना संसर्ग झाला की तो वर चढतो. स्वच्छतेच्या गृहीतकाने फार तर 'उशिरा झालेला संसर्ग वाईट का' याचं उत्तर मिळेल. 'संसर्गच नाही तर आजारही नाही' हे त्यातून निघत नाही.


सूक्ष्मदर्शी

आता कळीचा वाद : विषाणू मेंदूत असतो का? २००७ मध्ये इटलीतल्या गटाने मृत्यूनंतरच्या २२ पैकी २१ एमएस मेंदूंत ईबीव्ही असलेल्या बी पेशी दाखवल्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत इतर गटांनी त्याच प्रकारच्या उतींत शोधलं आणि त्यांना जवळपास काही मिळालं नाही. वापरलेली मुख्य खूण ईबर नावाचा छोटा आरएनए. विषाणू सुप्त असलेल्या पेशीत त्याच्या लाखो प्रती असतात, म्हणून खूण चांगली. पण आरएनए मृत्यूनंतर झपाट्याने तुटतो. मेंदू काढायला उशीर झाला, फॉर्मॅलिनमध्ये फार काळ राहिला, की खरं असलेलंही दिसत नाही. उलट बाजूने, निरोगी माणसाच्या रक्तातही दर १० लाख बी पेशींमागे १ ते ५० पेशींत हा विषाणू असतो. मेंदूच्या उतीच्या कापात (पातळ चकतीत) रक्तवाहिनी आली तर त्यातली एखादी पेशी मेंदूतली समजली जाऊ शकते. त्यामुळे काप तपासताना मानवी आरएनएचा नियंत्रण-रंग शेजारच्याच कापावर लावलेला नसेल तर 'नाही सापडला' यावर विश्वास ठेवू नका.


अनुस्वार

मेंदूत नसला तरी तो दुरून नुकसान करू शकतो, हेही ध्यानात घ्यावं. २०२२ मध्येच स्टॅनफर्डच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवलं की एमएस रुग्णाच्या सीएसएफमधल्या बी पेशींचं एक प्रतिपिंड ईबीव्हीच्या एब्ना-१ प्रथिनाला (३८६ ते ४०५ या तुकड्याला) चिकटतं, आणि तेच ग्लायलकॅम या मेंदूतल्या प्रथिनाच्या ३७० ते ३८९ या तुकड्यालाही चिकटतं. अशी प्रतिपिंडं सुमारे २० ते २५ टक्के रुग्णांत सापडली. म्हणजे साधर्म्यातून होणारी ओळखीची चूक सगळ्या रुग्णांचा हिशेब देत नाही. एकच यंत्रणा शोधत बसू नये असं मला त्यावरून वाटतं.

उपचारांकडून मिळणारी खूण मला जास्त बोलकी वाटते. ईबीव्ही स्मृती-बी पेशींत (जुने संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या बी पेशी) लपतो. ऑक्रेलिझुमॅब, रिटुक्सिमॅब ही औषधं सीडी२० खूण असलेल्या बी पेशी संपवतात, त्यात स्मृती-पेशी येतात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी वाचतात. रिलॅप्स (आजाराचे नवे झटके) काही आठवड्यांत कमी होतात, सीएसएफमधले पट्टे मात्र बहुतेक तसेच राहतात. उलट अटॅसिसेप्ट हे औषध प्लाझ्मा पेशींवर जास्त आणि स्मृती-पेशींवर कमी काम करतं. त्याने एमएसचे रिलॅप्स वाढले आणि २००९ मध्ये चाचणी थांबवावी लागली. बी पेशींची प्रतिपिंडं नव्हे, तर त्या पेशी स्वतःच आजार चालवतात, आणि त्या पेशींतच विषाणूचं घर आहे. हा सिद्ध पुरावा नव्हे, पण बाण कुठे वळतोय ते दिसतं.


पारिजात_क

मग रुग्णांनी ईबीव्हीची चाचणी करून घ्यावी का? आणि विषाणूविरोधी गोळ्या का देत नाहीत?


मज्जातंतू

चाचणीने निदान होत नाही. पॉझिटिव्ह तर जवळजवळ सगळेच असतात. उपयोग उलट बाजूने आहे. बर्लिनच्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातल्या ९०१ रुग्णांपैकी झाडून सगळे पॉझिटिव्ह निघाले, पण पहिल्या चाचणीत निगेटिव्ह आलेल्यांची दुसऱ्या पद्धतीने फेरतपासणी केल्यावर. म्हणून खऱ्या अर्थाने निगेटिव्ह रुग्ण, विशेषतः लहान मूल, समोर आलं तर एमएसच्या निदानावर पुन्हा विचार करावा आणि एमओजी (मायलिनमधलं एक प्रथिन) प्रतिपिंडं तपासावीत. त्या प्रतिपिंडांमुळे ओळखला जाणारा एमओजीएडी हा वेगळा आजार आहे. एमएसची काही औषधं त्यात उपयोगी पडत नाहीत.

मागवायचं झालं तर ईबीव्हीच्या वेगवेगळ्या प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या तिन्ही चाचण्या एकत्र मागवा : व्हीसीए आयजीएम, व्हीसीए आयजीजी आणि एब्ना-१ आयजीजी. एब्ना-१ संसर्गानंतर साधारण दोन ते चार महिन्यांनी येतं आणि काही लोकांत कधीच येत नाही, म्हणून एकटं एब्ना-१ निगेटिव्ह म्हणजे संसर्ग झाला नाही असं नव्हे. आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून काढून शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं) दिलेलं असेल तर दात्यांची प्रतिपिंडं आकड्यात मिसळतात, रक्त त्याआधी घ्यावं. मोठ्या मात्रेतलं बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असेल तेही सांगायला हवं. एमएसमध्ये रोज ३०० मिलिग्रॅमपर्यंत ते वापरून पाहिलं गेलं आहे, आणि ज्या यंत्रात बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची जोडी वापरतात तिथे निकाल खोटा येऊ शकतो. थायरॉइडच्या चाचण्याही त्यात बिघडतात.

गोळ्यांबद्दल. अॅसिक्लोव्हिर विषाणूच्या प्रती निघत असताना काम करतं. सुप्त ईबीव्ही पेशी दुभंगताना तिच्याच यंत्रणेकडून स्वतःची नक्कल करून घेतो, तिथे हे औषध पोहोचत नाही. १९९६ च्या चाचणीत ६० रुग्णांना दोन वर्षं अॅसिक्लोव्हिर (८०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा) किंवा प्लासिबो (औषध नसलेली तशीच गोळी) दिलं. रिलॅप्स ३४ टक्के कमी दिसले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरले नाहीत. ईबीव्हीवर रोखलेल्या टी पेशींचा उपचार, एटीए१८८, नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात अपयशी ठरला. एचआयव्हीच्या रुग्णांत एमएस कमी आढळतो हेही खरं : इंग्लंडमधल्या नोंदींत १८ अपेक्षित असताना ७ सापडले. पण ते एचआयव्हीमुळे की त्याच्या औषधांमुळे, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. त्यामुळे कुणी आज स्वतःहून या गोळ्या सुरू करू नयेत, आणि चालू असलेले एमएसचे उपचार तर अजिबात थांबवू नयेत.


निळीशाई

मग लस? संसर्गच टाळला तर?


आकडेमोड

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८१ ईबीव्ही-निगेटिव्ह तरुणांना जीपी३५० प्रथिनाची लस किंवा प्लासिबो दिलं, तीन डोस. प्लासिबोच्या ९१ पैकी ९ जणांना ग्रंथिज्वर झाला, लसीच्या ९० पैकी २ जणांना. म्हणजे ७८ टक्के घट. पण संसर्ग स्वतः थांबला नाही. एमएस टाळायला ग्रंथिज्वर टळणं पुरेसं आहे की संसर्गच टळायला हवा, हे ठाऊक असल्याशिवाय या ७८ टक्क्यांचं मोल ठरत नाही. नव्या लसींच्या, एमआरएनएच्याही, माणसांवरच्या चाचण्या २०२२ च्या सुमारास सुरू झाल्या.

एमएसवरच परिणाम मोजायचा तर हिशेब करून बघा. समजा वर्षाला १ लाख तरुणांमागे १० नवे रुग्ण. प्लासिबो गटात ५० रुग्ण दिसायला ५ लाख व्यक्ती-वर्षं लागतील, म्हणजे ५०,००० लोक १० वर्षं. लसीच्या गटात तेवढेच आणखी. शिवाय संसर्ग आणि आजार यांत साडेसात वर्षांचं अंतर, त्यामुळे सुरुवातीची बरीच वर्षं रिकामीच जाणार.


सूक्ष्मदर्शी

आणि वयाचा प्रश्न आहेच. लस बालपणीच द्यायला हवी, नाहीतर निगेटिव्ह मुलं उरतच नाहीत. पण संरक्षण दहा-बारा वर्षांत ओसरलं, तर जो संसर्ग लहानपणी गुपचूप होऊन गेला असता तो नेमका किशोरवयात ढकलला जाईल, जिथे तो जास्त वाईट. म्हणून अशा लसीच्या चाचणीत प्रतिपिंडांची पातळी किती वर्षं टिकते आणि बूस्टर कधी लागतो, हे मोजायची सोय पहिल्या दिवसापासून आराखड्यात असायला हवी.